रँक सोडा, अहवाल वाचा!

शिक्षणावरचा एखादा आंतरराष्ट्रीय अहवाल आला की आपल्याकडे चर्चा ठरलेली: भारत कितवा? दोन दिवस मीम्स फिरतात, ग्रुपवर वाद रंगतात, मग सगळं थंड. आतली पानं कोण वाचतंय? पण मित्रांनो, कामाची गोष्ट तिथेच असते.

'पिसा'चंच बघा. 'ओईसीडी' ही संस्था २००० पासून १५ वर्षांच्या मुलामुलींची ही चाचणी घेते. पाठांतराला इथे भाव नाही. वाचलेलं कळतं का, गणित-विज्ञान वापरता येतं का, हे तपासलं जातं. डिसेंबर २००१ मध्ये पहिला निकाल लागला आणि जर्मनीला घाम फुटला. आपल्या शाळा भारी, असं समजणारा हा देश सरासरीच्याही खाली होता. त्याहून झोंबणारी गोष्ट आतल्या पानांत होती. मुलाला किती येतं, हे त्याच्या घरच्या परिस्थितीवर फार अवलंबून होतं.

तिथे 'पिसा-शॉक' हा शब्दच रूढ झाला. पण ते रडत बसले नाहीत. सगळ्या राज्यांसाठी समान शैक्षणिक मानकं ठरवली. दुपारीच सुटणाऱ्या शाळा दिवसभर चालाव्यात, म्हणून २००३ मध्ये ४ अब्ज युरोंची योजना आणली. ज्यांच्या घरी अभ्यास घेणारं कुणी नाही, त्यांना शाळेतच आधार मिळावा, हा त्यामागचा एक विचार. २०१२ मध्ये जर्मनी वाचन, गणित, विज्ञान तिन्हींत सरासरीच्या वर गेला.

आणि आपण? २००९ च्या फेरीला जोडून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेशातल्या मुलांनी ही चाचणी दिली. ७४ जणांच्या यादीत दोन्ही राज्यं तळाला. प्रश्न आपल्या मुलांच्या जगातले नव्हते, असं म्हणत २०१२, २०१५, २०१८ या तिन्ही फेऱ्यांना आपण गैरहजर! आक्षेपात तथ्य असेलही. पण ताप आला म्हणून थर्मामीटर फेकून कसं चालेल?

अहवाल म्हणजे ब्रह्मवाक्य नाही, हेही खरं. २०२२ मध्ये जर्मनीचे गुण पुन्हा घसरलेच. एकदा सुधारणा केली की झालं, असं नसतं. अहवाल प्रश्न हातात देतो, उत्तर आपल्या मातीतच शोधावं लागतं.

मग तुम्ही काय करायचं? युनेस्कोचा २०२३ चा जागतिक शिक्षण अहवाल नेटवर फुकट आहे. शिक्षणातल्या तंत्रज्ञानाबद्दल तो साधे प्रश्न विचारतो: ते गरजेला धरून आहे का? सगळ्यांपर्यंत पोचतं का? टिकणार आहे का? तुमच्या कॉलेजात पुढच्या वेळी नवं ॲप किंवा स्मार्ट बोर्ड आला की हेच प्रश्न विचारा. वर्गातल्या किती जणांकडे नीट चालणारा फोन आहे, ते मोजा आणि तो आकडा प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा.

बदल दिल्लीतूनच यावा, असं थोडंच आहे?