होळकरांच्या आडनावात न मावलेले बारगळ

इंदूरच्या मराठी घरात नवा पाहुणा आला, की चहाचा कप हातात पडण्याआधी प्रश्न येतो, ‘मूळचे कुठले?’ आडनावात ‘कर’ असेल तर अर्धे उत्तर आधीच मिळालेले असते. ज्या घराण्याने हे शहर वाढवले, त्याचेही तसेच. नीरेकाठच्या होळ गावचे म्हणून होळकर.

पण होळने या घराण्याचे संस्थापक मल्हाररावांना किती दिले? वडील खंडोजी लवकर गेले आणि आई पोराला घेऊन खानदेशात, तळोद्याला भावाकडे आली. मामा भोजराज बारगळ यांनी भाच्याला वाढवले, पुढे आपली मुलगी गौतमाबाई त्याला दिली. पेशव्यांचा हा सुभेदार घडला तो मामाच्या घरात. आडनाव मात्र मागे राहिलेल्या गावाचे लागले, आणि बारगळ इतिहासाच्या पुस्तकापुरते उरले.

स्पेनमध्ये असे झाले नसते. फर्नांडोचा मुलगा तो फर्नांडेझ, नवार प्रांतातून आलेला तो नवारो. बापाचे नाव किंवा गाव, आडनावांची मुळे तिथेही हीच. (पोर्तुगीजांमुळे गोव्यात आलेला फर्नांडिस या फर्नांडेझचा सख्खा भाऊच.) फरक पुढे आहे. स्पॅनिश माणूस दोन आडनावे लावतो, एक बापाकडचे, एक आईकडचे. लग्नानंतर बाई आपले आडनाव बदलत नाही. या हिशेबाने मल्हारराव ‘होळकर बारगळ’ झाले असते. त्यांची सून, चोंडीच्या माणकोजी शिंद्यांची लेक अहिल्या, शेवटपर्यंत शिंदेच राहिली असती आणि तिचा मुलगा मालेराव ‘होळकर शिंदे’.

आडनाव म्हणजे रक्ताचा दाखला, हा समजही इंदूरलाच तपासता येतो. २८ सप्टेंबर १९२९ रोजी याच शहरात जन्मलेल्या लता मंगेशकरांचे आडनाव वडील दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशी गावावरून घेतले होते. ते मंगेशीच्या पुजाऱ्याचे पुत्र, आई येसूबाई. वडिलांचे आडनाव न लावता त्यांनी गाव निवडले. एका पिढीत घेतलेले हे नाव पुढच्या पिढीत जगभर पोचले. आडनाव माणसेच ठरवतात, तर त्यात आईला जागा देणेही माणसांच्याच हातात आहे.

महाराष्ट्राने निम्मे पाऊल टाकले आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आला. आईचे नाव आले, पण तिचे माहेर बाहेरच. मध्य प्रदेशातल्या मराठी घरांना सरकारी फर्मानाची वाट बघायचे कारण नाही. पेटीतली वंशावळ काढा. तिच्यात पुरुषांचीच नावे सापडतील. आजी हयात असेल तर तिचे माहेरचे आडनाव आणि गाव विचारून तिथे शाईने लिहा, आणि तिच्या आईचेही विचारा.