गुडघा बदलला, पुढे काय?
ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, हे योग्यच झाले. परंतु गुडघा बदलला म्हणजे रोगी चालू लागला, असे नव्हे. पहिल्या काही आठवड्यांत नियमाने व्यायाम झाला नाही, तर सांधा आखडतो. तळेगाव (श्यामजी पंत) येथील वृद्धेने प्रत्येक शंकेसाठी नागपूर गाठावे काय? मार्च २०२० च्या नियमावलीने दूरध्वनीवरून व चित्रसंवादाने वैद्यकीय सल्ला देण्यास मान्यता दिली आहे. तेव्हा रोग्याला घरी धाडतानाच रुग्णालयांनी अशा दूरभेटींचे दिवस ठरवून द्यावेत. मात्र जखम स्रवू लागली, ताप चढला वा पोटरी सुजली, तर पडद्यावरचा दिलासा कुचकामी होय. तेथे प्रत्यक्ष तपासणीच हवी आणि तिची सोय आष्टी तालुक्यातच हवी. शल्यवैद्याचे दायित्व टाके काढल्याने संपत नाही.