जुन्या नादाची नवी प्रत

"जुनें तें सोनें" ही म्हण आपण सारेच म्हणतों; परंतु जुना दागिना घेऊन जळगांवच्या सराफ बाजारांत गेल्यास तेथील सराफ केवळ या म्हणीवर विसंबून एक रुपयाही मोजीत नाहीं. तो दागिना कसोटीवर घांसतो, त्यावरील छाप वाचतो, वजन करतो, व मगच मोल सांगतो. जुनेपणा ही एक गोष्ट व सोनें ही दुसरी, हें त्याला पक्कें ठाऊक असतें. हीच सराफाची दृष्टि आमच्या तरुण वाचकांनीं एका अगदीं निराळ्या वस्तूच्या बाबतींत ठेवावी, म्हणून हा लेख लिहिण्याचें आम्हीं मनांत आणिलें. ती वस्तु म्हणजे विजेच्या गिटारीला जोडून पायानें दाबावयाची लहानशी डबी, जिला फझ पेडल म्हणतात.

आमच्या शाळेंतून बाहेर पडलेला एक विद्यार्थी पुण्यास नोकरी करतो. शाळेंत असतांना तो प्रार्थनेच्या वेळीं पेटी वाजवीत असे. पुढें त्यानें गिटार हातीं धरिली. लंडन येथें १९६६ सालीं निघालेल्या एका प्रसिद्ध पेडलाची हुबेहूब नक्कल त्यानें दोन पगार वेचून एका कारागिराकडून मुद्दाम मागणी देऊन करवून घेतली. हिंवाळ्यांत तिचा आवाज ऐकून तो हरखून गेला. मे महिन्यांत बहिणीच्या लग्नासाठीं तो जळगांवास आला, आणि संध्याकाळीं गच्चीवर वाजवावयास बसला, तों आवाज घोगरा होऊन तुटूं लागला व शेवटीं बसला. मध्यरात्रीं थोडा गारवा आल्यावर तोच आवाज पुन्हां उमटला! आपण फसलों अशी त्याची खात्री झाली.

धुळ्यास रेडिओ दुरुस्त करण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें अशा एका वृद्ध गृहस्थांकडे आम्हीं तें पेडल नेलें. त्यांनीं तळाचे स्क्रू काढून पाहिलें, तों आंतील सर्व जोडणी काळ्या राळेच्या थराखालीं झांकून टाकिलेली! ते हंसून म्हणाले, "गुरुजी, यांत लपविण्यासारखें कांहीं नसतें हो. दोन ट्रांझिस्टर आणि मूठभर सामान. पण तें दिसलेंच नाहीं, तर मीं हात कोठें घालावा?"

या प्रसंगावर आम्हीं पुष्कळ विचार केला. नकलेची मागणी देण्यांत आमच्या विद्यार्थ्याचें चुकलें असें आम्हांस वाटत नाहीं. व नक्कल करण्यांत कारागिराचेंही नाहीं. चुकलें तें निराळेंच. एकानें काय मागावें हें जाणिलें नाहीं, व दुसऱ्यानें काय केलें हें दाखविलें नाहीं.

प्रथम, हा फझ नामक नाद आहे तरी काय, तें सांगूं. गिटारीच्या तारेचा कंप विजेच्या रूपानें यंत्रांत शिरतो. यंत्राच्या शक्तीबाहेर तो वाढविला, म्हणजे लहरींचे गोल माथे कापले जाऊन सपाट होतात. त्या कापण्यांतून मूळ स्वरांत नसलेले पुष्कळ उपस्वर निर्माण होतात, आणि स्वच्छ स्वराऐवजीं दाट, खरखरीत व लांबणारा नाद कानीं पडतो. आरंभीं हा दोषच मानीत असत. अमेरिकेंत नॅशव्हिल येथें मार्टी रॉबिन्स यांच्या १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका गीताचें ध्वनिमुद्रण चाललें असतां यंत्रांतील एक ट्रान्सफॉर्मर बिघडला, व ग्रेडी मार्टिन यांच्या खर्जाच्या गिटारीचा आवाज फाटका उमटला. तो फाटका आवाज तसाच ठेवण्यांत आला. तेथील ध्वनियंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनीं पुढें तोच परिणाम ट्रांझिस्टरांच्या साहाय्यानें मुद्दाम साधला, व १९६२ सालीं गिब्सन कंपनीनें 'मॅस्ट्रो फझ-टोन' या नांवानें तें यंत्र बाजारांत आणिलें. १९६५ सालीं रोलिंग स्टोन्स या इंग्रज वादकमंडळीनें आपल्या एका गीतांत तें वापरिलें, तेव्हां त्याची कीर्ति जगभर झाली. आपल्याकडेही सिमला बीट या स्पर्धेच्या १९७० व १९७१ सालच्या ध्वनिमुद्रिकांत हा नाद ऐकूं येतो.

येथें एक मौजेची गोष्ट ध्यानांत घ्यावी. ज्या मूळ यंत्राच्या नकलेसाठीं आज एवढी धडपड चालते, तें यंत्र स्वतःच नक्कल म्हणून विकलें जात असे. गिटारीतून ट्रॉम्बोन, ट्यूबा, चेलो इत्यादि वाद्यांसारखा स्वर निघेल, अशी त्याची जाहिरात होती. पुढें १९६५ सालीं लंडनमध्यें गॅरी हर्स्ट यांनीं त्या अमेरिकन यंत्रावरून सुधारून 'टोन बेंडर' केला. आणि १९६६ सालीं आर्बिटर कंपनीचा 'फझ फेस' हा गोल डबा निघाला, त्याची आंतील मांडणी टोन बेंडरच्या एका प्रकाराशीं जवळजवळ जुळते. म्हणजे नकलेवरून नक्कल, आणि तिजवरून पुन्हां नक्कल! परंतु प्रत्येकानें आपलें नांव आपल्या डब्यावर घातलें, व मागच्याहून कांहीं निराळें केलें. ज्याला आपण परंपरा म्हणतों, ती याहून निराळी कोठें असते?

आतां त्या मे महिन्यांतील संध्याकाळचें कोडें उलगडतें. आरंभींच्या फझ फेसमध्यें जर्मेनियमचे ट्रांझिस्टर असत. जर्मेनियमच्या ट्रांझिस्टरांतून थोडी वीज नेहमीं गळत असते. उष्णता सुमारें दहा अंशांनीं वाढली कीं ही गळती साधारणपणें दुप्पट होते. लंडनमधील वीस अंशांच्या हवेंत जी जोडणी बरोबर बसते, तिला जळगांवच्या चव्वेचाळीस अंशांत पांचपटीच्या आसपास गळती सोसावी लागते. मग तिचा तोल जातो, व आवाज बसतो. १९७० च्या सुमारास सिलिकॉनचे ट्रांझिस्टर आले, त्यांना हा त्रास फारच थोडा. परंतु त्यांचा नाद अधिक तीक्ष्ण, म्हणून कित्येक वादक अद्यापि जर्मेनियमचाच आग्रह धरितात. कारागिरास उपाय अवघड नाहीं. तोल सांवरणारा एक लहान खुंटा डब्याबाहेर काढिला, म्हणजे वादकास हवामानाप्रमाणें तो फिरवितां येतो. मूळ डब्यास असा खुंटा नव्हता, म्हणून "हुबेहूब" नकलेंतही तो नव्हता! अक्षराला अक्षर जुळविण्याच्या हट्टांत अर्थ हरवला तो असा.

शिवाय हुबेहूब म्हणजे कोणासारखें? त्या काळचे ट्रांझिस्टर एकाच घाण्यांतले असले तरी गुणांनीं सारखे नसत. एकाची वर्धनशक्ति सत्तर, तर शेजारच्याची एकशें तीस. त्यामुळें एकाच कारखान्यांतून एकाच महिन्यांत निघालेले दोन डबे निरनिराळे बोलत. एक गोड, तर दुसरा नुसता गुरगुरणारा. जो डबा जुना आहे तो चांगलाच असला पाहिजे, असें मानून आज मूळ डब्यासाठीं लाख रुपये व त्याहूनही अधिक मोजणारे लोक आहेत. आणि जेथें असें भाविक गिऱ्हाईक असतें, तेथें जुन्या ट्रांझिस्टरांवर नवे आंकडे छापून विकणारेही निपजतात. सराफाच्या कसोटीची आठवण आम्हीं आरंभीं करून दिली, ती याचसाठीं.

मागणी कशी द्यावी, याचा उत्तम पाठ आपल्याच महाराष्ट्रांत मिरजेस मिळतो. तेथें सतारी व तंबोरे करणाऱ्या घराण्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. गवई तेथें तंबोरा घ्यावयास जातो तो केवळ भोपळ्यावरील नक्षी पाहून परतत नाहीं. तो आपली पट्टी सांगतो, समोर बसतो, आणि कारागीर घोडी घांसून घांसून जवारी काढितो. तार घोडीच्या पृष्ठाला अगदीं किंचित् स्पर्श करीत कंप पावते, त्या स्पर्शांतून तो भरलेला झंकार उत्पन्न होतो. घोडी जरा अधिक घांसली गेली तर आवाज फाटतो, कमी घांसली तर मुका राहतो. विचार केल्यास फझ व जवारी यांचें नातें फार दूरचें नाहीं. दोहोंमध्यें स्वच्छ स्वराला किंचित् खरखरीची जोड देऊन तो समृद्ध केलेला आहे. आणि दोहोंमध्यें ती खरखर किती असावी हें मोजपट्टी सांगत नाहीं, कान सांगतो. म्हणून फझ पेडलाची मागणी देणाऱ्यानेंही "अमुक सालचें करून द्या" एवढ्यावर न थांबतां, "मला असा नाद पाहिजे, मी या गिटारीवर, या गांवीं, या हवेंत वाजवितों" असें सांगितलें पाहिजे.

दुसरा पाठ धुळ्यांतच आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १८९३ सालीं तेथें सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली, व समर्थ रामदासांच्या संप्रदायाचीं हस्तलिखितें मोठ्या कष्टानें जमविलीं. तीं समर्थ वाग्देवता मंदिरांत जतन झालीं. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं धुळ्यासच निवर्तले, व दुसऱ्याच वर्षीं त्यांच्या नांवानें तेथें संशोधन मंडळ उभें राहिलें. अशा संग्रहांतील जुन्या पोथ्या बहुधा नकलाच असतात. छापखाने येण्यापूर्वीं आपलें वाङ्मय जगलें तें नकलांवर जगलें. परंतु त्या लेखनिकांची रीत पाहा. पुष्कळ पोथ्यांच्या शेवटीं नक्कल करणारा आपलें नांव, गांव, शक व तिथि लिहितो, आणि चुकभूल झाली असल्यास वाचकाची क्षमा मागतो. यामुळें संशोधकास प्रत कोणाची, केव्हांची, कितपत विश्वसनीय, हें ताडून पाहतां येतें. मूळ लेखकाच्या हातची पोथी म्हणून ती खपविण्याचें त्या लेखनिकाच्या मनांतही येत नसे. प्रामाणिक प्रतीनें मूळ ग्रंथाचा मान वाढतो, आणि प्रत करणाराही नांवानिशीं उरतो.

यावर कोणी म्हणेल, कारागीर आपली जोडणी काळ्या थराखालीं झांकतो तो पोटासाठीं. उघडी ठेवल्यास दुसरा कोणी ती उचलील. ही अडचण खरी आहे, व हातानें काम करणाऱ्याच्या पोटाची थट्टा आम्ही कधींही करणार नाहीं. परंतु ही मांडणी त्याची स्वतःची नव्हे. स्नॉडी यांच्या यंत्रास १९६५ सालीं मिळालेल्या पेटंटाची मुदत केव्हांच संपली, व जुन्या डब्यांचे नकाशे सर्वांच्या हातीं आहेत. कारागिराचें खरें धन म्हणजे शंभर ट्रांझिस्टर तपासून त्यांतून दोन निवडणारा त्याचा कान, व स्वच्छ डाख देणारा त्याचा हात. तें कोणी उचलून नेऊं शकत नाहीं. मांडणी सर्वांची असली तरी नांव मात्र ज्याचें त्याचें असतें, हेंही त्यानें विसरूं नये. दुसऱ्याच्या कंपनीचें नांव आपल्या डब्यावर रंगविणें ही नक्कल नव्हे, लबाडी होय.

दुसरा कोणी विचारील, कारखान्यांत झालेलें पेडल स्वस्तांत मिळत असतां एवढा खटाटोप कशाला? ज्याला नुसता आवाज पाहिजे त्यानें तें खुशाल घ्यावें. त्यांत उणें कांहींच नाहीं. परंतु खानदेशांतील गांवोगांवच्या रेडिओ दुकानांत जी विद्या दोन पिढ्या नांदली, ती आतां मावळत चालली आहे. १९६० नंतरच्या दशकांत बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत जर्मेनियमचे ट्रांझिस्टर होत असत, व एसी १२८ या जातीचे जे ट्रांझिस्टर रेडिओंत बसवीत, त्याच जातीचे फझ पेडलांतही बसत. आपल्या माळ्यावर धूळ खात पडलेल्या रेडिओंत हीच सामग्री आहे, आणि ती ओळखणारीं माणसें अद्यापि आपल्यांत आहेत. मागणी देणारा कोणी भेटला तरच त्यांची विद्या पुढच्या हातांत जाईल.

आमच्या विद्यार्थ्याची गोष्ट अशी संपली. त्या वृद्ध गृहस्थांनीं काळ्या थराशीं झुंजण्याचें सोडून दिलें, व एका निकामी रेडिओंतील ट्रांझिस्टर घेऊन तीन संध्याकाळींत नवें पेडल जोडिलें. विद्यार्थी समोर बसून वाजवी, व ते मान हलवीत किंवा नकार देत. बाहेर एक लहान खुंटा आला. झांकण बसविण्यापूर्वीं आंतील सर्व जोडणी त्यांनीं त्यास दाखविली, आणि एका कागदाच्या चिठ्ठीवर आपलें नांव, तारीख व "धुळें" असें लिहून ती आंत चिकटविली. तें पेडल लंडनच्या डब्यासारखें तंतोतंत बोलत नाहीं. पण मे महिन्यांत बोलतें.

त्यांच्या दुकानांत आज एकही शिकाऊ मुलगा नाहीं. वरच्या वर्गांतील ज्या विद्यार्थ्यांस पदार्थविज्ञानाची गोडी आहे, त्यांनीं येत्या सुटींत अशा एखाद्या दुकानाची पायरी चढावी, व डाख देण्याची कला हातीं घ्यावी, अशी आमची त्यांस कळकळीची सूचना आहे. पहिली प्रत बिघडेल, दुसरीही बिघडेल. तिसरी बोलूं लागली म्हणजे तिच्यांत आपलें नांव व तारीख लिहावयास विसरूं नये.