अँटिग्वाच्या बाजारातले पहिले तीन दिवस

अँटिग्वा म्हटले की क्रिकेटवाल्यांच्या डोळ्यांपुढे व्हिव्ह रिचर्ड्स उभा राहतो. ते कॅरिबियन समुद्रातले बेट. आम्ही गेलो ते अँटिग्वा शहर ग्वाटेमाला देशातले, मेक्सिकोच्या दक्षिणेला. धाकट्याची नोकरी अमेरिकेत ह्यूस्टनला, तिथून विमानाने तीनेक तास. थोरला भाऊ, वहिनी आणि धाकटा असे आम्ही तिघे पाठीवर एकेक पिशवी टाकून निघालो. पिशवीत दोन जोड कपडे, चादर आणि चिवड्याचा डबा.

हे शहर स्पॅनिश लोकांनी १५४३ साली राजधानी म्हणून वसवले. १७७३ च्या भूकंपात ते कोसळले आणि १७७६ मध्ये राजधानी हलवली. ज्यांनी जागा सोडली नाही ते पडक्या भिंतींना धरून राहिले. आजही कित्येक चर्चे छपराविना उभी आहेत आणि ती पाहायला जगभरचे लोक येतात. शहराच्या माथ्यावर तीन ज्वालामुखी. त्यातला फुएगो अजून धुमसतो. जून २०१८ मध्ये त्याने पायथ्याची वस्ती राखेखाली गाडली. रात्री त्याच्या शेंड्यावर लाल ठिणगी दिसली की पर्यटक टाळ्या वाजवतात. आमच्याने काही टाळी वाजवली गेली नाही.

पहिला दिवस झोपेतच गेला. आपल्यात आणि तिथल्या घड्याळात साडेअकरा तासांचा फरक. मुक्काम स्वस्तातल्या वसतिगृहात, रेल्वेच्या बर्थसारख्या एकावर एक खाटा. नळाचे पाणी प्यायचे नाही, एवढे पक्के ध्यानात ठेवावे. जेवणाची चिंता नको. मका चुन्याच्या पाण्यात उकडून, वाटून, हातावर थापलेली तोर्तिया आपल्या भाकरीची धाकटी बहीणच, आणि सोबत काळ्या घेवड्याची घट्ट उसळ. थापण्याचा आवाज कानी पडला आणि वहिनी न विचारता त्या दारी जाऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी बाजार. तो बस स्थानकाला लागूनच आहे. माया समाजाच्या बाया गावोगावाहून येतात, डोक्यावर कापडांची चळत, पाठीला बांधलेले मूल. घरी त्या काक्चिकेल बोलतात, गिऱ्हाइकाशी स्पॅनिश. देशात अशा माया भाषा बावीस आहेत. बायांचे पोलके म्हणजे विपिल. मागाचे एक टोक खांबाला, दुसऱ्या टोकाचा पट्टा कमरेमागून, आणि बाई जमिनीवर बसून विणते. एका विपिलाला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. प्रत्येक गावाची नक्षी निराळी.

याच नक्षीमुळे एके काळी जीव धोक्यात येत असे. १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षे या देशात यादवी चालली. दोन लाखांहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली आणि ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते, असे चौकशी आयोगाने १९९९ मध्ये नोंदवले. पोलक्यावरून गाव कळते, म्हणून पळून जाणाऱ्या कितीतरी बायांनी ते अंगावरून उतरवले.

वसतिगृहातली गोरी पोरे मात्र शिकवीत होती, सांगतील त्याच्या निम्म्याने सुरू करा. यावर आमच्यातच जुंपली. वहिनींनी बारा वर्षे नगावर शिवणकाम केलेले. त्या म्हणाल्या, कष्टाच्या मजुरीत घासाघीस कसली? थोरल्याचे म्हणणे, दुकानात बसलेला विणकर कशावरून? आपण दिलेले पैसे दलालाच्याच खिशात जातील. आम्हांला दोघांचेही पटत होते. वहिनींनी कापड उलटे करून पाहिले. मागे सुटे धागे नाहीत, छापील रंग! कारखान्याचा माल. अशा नकलांमुळे विणकर बाया गावच्या नक्षीवर गावाचा हक्क मागत आहेत. त्यासाठी २०१६ साली त्या देशाच्या संविधान न्यायालयात गेल्या.

म्हणून तिसऱ्या दिवशी जवळच्या सान अन्तोनिओ आग्वास कालिएन्तेस या विणकरांच्या गावी निघालो. बस म्हणजे अमेरिकेतल्या शाळांची जुनी गाडी, वर लाल-हिरवा रंग चढवलेला. दोघांच्या बाकावर तिघे, टपावर टोपल्या, दारात लोंबकळून गावाचे नाव ओरडणारा पोरगा. आपल्या वडापची आठवण यावी!

गावातली काही कापडे दोन्ही अंगांनी सारखीच दिसतात, उलट-सुलट ओळखू येत नाही. मागावरच बसलेल्या एका म्हातारीकडून आम्ही टेबलावर घालायची पट्टी घेतली. सांगितली तेवढीच किंमत दिली. थोरल्यानेच नोटा मोजल्या. वहिनींनी तिथे शिकलेला एकच काक्चिकेल शब्द वापरला, मातिओश, म्हणजे आभारी आहे. म्हातारीने तो दोनदा म्हणून घेतला, उच्चार दुरुस्त केला आणि मग वहिनींच्या साडीचा काठ उलटा करून मागची बाजू तपासू लागली.

पुढच्या आठवड्यात आतित्लान सरोवर.