थंड हवेचा गरम हिशेब

होळी झाली की कपाटातले स्वेटर वर जातात आणि एसीचा रिमोट खाली येतो. बॅटरी घालून बटण दाबलं की कुठे गार हवा येते, कुठे नुसताच वारा. मग मेकॅनिकला फोन. तो स्टुलावर चढतो, दोन स्क्रू काढतो आणि निकाल देतो, "ताई, मशीन जुनं झालंय. याच्यावर खर्च करू नका, नवीनच घ्या."

आणि चाळीस-पन्नास हजारांचा विषय घरात उभा राहतो.

एसी म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असं म्हणायचे दिवस गेले. अकोला, जळगाव, चंद्रपूर इथे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपुढे जातो. घरात म्हातारे सासू-सासरे असतील, तान्हं बाळ असेल, तर एक खोली तरी गार असणं ही गरजच आहे. म्हणून एसी घ्यावा की न घ्यावा हा वाद इथे नको. प्रश्न एवढाच, की जुना एसी बिघडला तर बदलायचा कधी, आणि बदलायचा खरा खर्च किती? हा हिशेब आपण बायकांनी करायला हवा. कारण मेकॅनिक येतो तेव्हा दार आपणच उघडतो, पण बोलणं मात्र "साहेब कधी येतील?" इथेच थांबतं.

पहिली गोष्ट म्हणजे एसीतला गॅस 'संपत' नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा तो जळत नाही. फ्रिजमध्ये असतो तसाच तो बंद नळ्यांमधून गोल फिरत राहतो. तुमच्या फ्रिजमध्ये दरवर्षी गॅस भरता का? नाही ना? मग एसीत दर उन्हाळ्यात का भरावा लागतो? गॅस कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. ती शोधून बुजवल्याशिवाय गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. "आधी गळती दाखवा, मग गॅस भरा," हे वाक्य पाठच करून ठेवा.

दुसरी गोष्ट, सगळेच बिघाड मोठे नसतात. जाळी धुळीने भरली तरी खोली गार होत नाही. ती आपण घरीच नळाखाली धुऊ शकतो, उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी. बाहेरच्या युनिटवर धूळ आणि कबुतरांची घाण साचली, तरी गारवा कमी होतो. बाहेरचं युनिट नुसतंच गुणगुणत असेल आणि चालू होत नसेल, तर कधी कधी कपॅसिटर हा काही शे रुपयांचा भाग गेलेला असतो. आतून पाणी गळत असेल, तर बहुतेक वेळा पाणी जाणारी नळी तुंबलेली असते. हे सगळं तपासून झाल्याशिवाय 'मशीन गेलं' हा निकाल मान्य करू नका. शंका आली तर दुसऱ्या मेकॅनिकला बोलवा. त्याची दोनशे-चारशे रुपयांची व्हिजिट फी महाग पडत नाही.

मग बदलायचा कधी? मशीन दहा-बारा वर्षांचं झालं असेल आणि कॉम्प्रेसर किंवा आतली कॉइल गेली असेल तेव्हा. जुन्या एसींमध्ये बहुधा आर-२२ हा गॅस असतो. तो ओझोनच्या थराला घातक. १९८७च्या मॉन्ट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद होतोय आणि आपल्याकडे त्यासाठी २०३०ची मुदत आहे. नव्या एसीत बहुतेक आर-३२ असतो. त्याचा दाब वेगळा आणि तो थोडा ज्वालाग्राहीही. जुन्या मशीनमध्ये नवा गॅस भरून देतो असं कुणी म्हणालं, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता खरा हिशेब. दुकानाच्या पाटीवर लिहिलेली किंमत ही सुरुवात असते, बेरीज नसते. समजा, दीड टनाचा इन्व्हर्टर एसी ४२,००० रुपयांना मिळाला. जोडणीचे १,५००. बाहेरच्या युनिटचा लोखंडी स्टँड ८००. बॉक्सबरोबर येणारा तांब्याचा पाइप पुरला नाही, जादा पाइपचे २,०००. आपल्या गावात व्होल्टेज वर-खाली होतं, म्हणून स्टॅबिलायझर ३,०००. जुनी वायर बारीक आहे. जाड वायर, एमसीबी आणि अर्थिंग तपासणी मिळून ३,५००. बेरीज झाली ५२,८००. जुन्या मशीनचे ३,००० वजा केले तरी ४९,८००. भाव गावागणिक वेगळे असतील, पण ही यादी सगळीकडे सारखीच. दुकानदाराकडून प्रत्येक ओळीचा आकडा आधी कागदावर घ्या. एक दिलासा म्हणजे एसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. बिलात तो तेवढाच लावलाय ना, ते बघा.

"ताई, विजेच्या बिलात पैसे वसूल होतील," हे दुकानातलं आवडतं वाक्य. तेही तपासून बघू. समजा, जुना एसी रात्रभरात १० युनिट खातो आणि नवा ६. वाचले ४. आपला एसी चालतो वर्षातले शंभरेक दिवस, म्हणजे ४०० युनिट. महावितरणचे दर टप्प्यांचे आहेत : १०० पर्यंत, मग ३००, मग ५०० आणि त्यावर. एसीची युनिटं वरच्या महाग टप्प्यात जातात, म्हणून युनिटला १२ रुपये धरू. वर्षाची बचत ४,८००. म्हणजे ४९,८०० रुपये वसूल व्हायला दहा वर्षं! वर्षभर एसी चालणाऱ्या मुंबईच्या ऑफिसचं गणित वेगळं, आपलं वेगळं. चालू मशीन निव्वळ बचतीसाठी बदलण्यात शहाणपण नाही. मशीन खरंच गेलं असेल, तर मात्र नवं घेताना जास्त तारे बघून घ्या. त्यातही एक मेख आहे. ताऱ्यांची पट्टी दर काही वर्षांनी कडक होते. २०१८ला झाली, २०२२ला पुन्हा झाली. म्हणून गोदामात पडलेल्या जुन्या मालावरचे पाच तारे आजचे पाच तारे नसतात. लेबलवर ते कोणत्या काळासाठी आहे हे छापलेलं असतं. वर्षाला १,६०० तास चालवल्यास किती युनिट लागतील, हेही असतं. दोन मशीनांचे ते आकडे शेजारी ठेवा, सेल्समनची गरज उरत नाही.

हप्त्यांबद्दलही दोन शब्द. 'बिनव्याजी' म्हणताना प्रोसेसिंग फी वेगळी असते आणि रोखीने घेतल्यावर मिळणारी सूट जाते. दोन्ही आकडे विचारा. हप्ता घरखर्चातून जाणार असेल, तर तो ठरवताना घरखर्च चालवणारी बाई त्या टेबलाशी बसलेली हवी. भिशीचे पैसे किंवा साडीसाठी जपलेली पुंजी 'तेवढे दे गं' म्हणून घेतली जाणार असेल, तर बिल आणि वॉरंटी कार्ड तुमच्या फायलीत राहू द्या.

जिथे हवा कोरडी आहे, त्या विदर्भ-खानदेशात कूलर अजूनही चोख काम करतो, तोही एसीच्या काही हिश्शात. फक्त टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. कोकणातल्या दमट हवेत मात्र कूलरचा उपयोग नाही. आणि एसी असो वा कूलर, गच्चीला पांढरा चुना, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा आणि दाराखालची फट बंद, एवढं केलं तर मशीनचे कष्ट कमी होतात. तापमान २४ला ठेवा. अंश एक वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो.

आता शेवटचा आणि कुणीच न मांडलेला खर्च. एसी बेडरूममध्ये लागतो, फार तर हॉलमध्ये. दुपारी बाराला पोळ्या लाटणारी बाई कुठे असते? गॅससमोर. तिथे पंखाही लावता येत नाही, ज्योत विझते. पन्नास हजारांचा गारवा घरात येतो आणि घरातली सर्वांत गरम जागा तशीच राहते. तिला एक एक्झॉस्ट फॅन हवा असतो, दोन-अडीच हजारांचा. तो मात्र 'पुढच्या वर्षी बघू' या यादीत वर्षानुवर्षं पडून असतो.

म्हणून मैत्रिणींनो, या उन्हाळ्यात एसीचा विषय निघालाच, तर वर दिलेल्या यादीत एक ओळ आपल्या हाताने वाढवा : स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट फॅन. ५२ हजारांत तो सहज सामावतो. आणि कुणी विचारलंच, "याची काय गरज?", तर त्यांना मे महिन्यात दुपारी बाराला अर्धा तास फक्त गॅससमोर उभं राहायला सांगा.