दुःख ही अमानत आहे

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी आत्महत्यांवर वीस-पंचवीस वर्षांत पुष्कळ लिहिले गेले. २००५ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई उच्च न्यायालयाला अहवाल दिला. पुढच्या वर्षी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले. अभ्यासक आणि पत्रकारही येत राहिले, आणि घरच्या बाईला तोच दिवस पुन्हा पुन्हा सांगावा लागला.

आता तर दार वाजवायचीही गरज उरली नाही. एमएसडब्ल्यू किंवा एमए करणारी आपलीच मुले-मुली गुगल फॉर्म तयार करतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर धाडतात. शिकणे चांगलेच; पण ताजियतीला जाताना जो अदब आपण पाळतो, तो फोनवरही पाळायला हवा.

पहिली गोष्ट वेळेची. इद्दतीचे चार महिने दहा दिवस बेवा बाईला तिच्या दुःखासोबत राहू द्या. त्यानंतरही थेट फॉर्म पाठवू नका. तिच्या विश्वासातल्या आशाताई किंवा नातलग बाईमार्फत आधी विचारा.

दुसरी गोष्ट फोनची. खेड्यात बहुधा घरात एकच फोन असतो, आणि तोही सासऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात. ‘वडील कसे गेले?’ हा प्रश्न आईच्या आधी दहा वर्षांच्या पोराने वाचला, तर? आणि सासूसमोर स्पीकरवर बोलणारी सून कर्जाबद्दल काय खरे सांगेल? म्हणून फोन कोणाचा, जवळ कोण आहे, कधी बोलणे सोयीचे, हे आधी विचारावे.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. आत्महत्येचे प्रकरण ‘पात्र’ ठरले तरच सरकारची एक लाखाची मदत मिळते. त्यामुळे कागद किंवा फॉर्म घेऊन येणारा प्रत्येक जण सरकारी वाटतो. नकार दिला तर मदत अडेल, या धास्तीने दिलेला होकार ही इजाजत नव्हे. ‘आम्ही विद्यार्थी आहोत, यातून पैसे मिळणार नाहीत, नाही म्हणालात तरी काही बिघडणार नाही,’ हे तिच्याच बोलीत सांगा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात: सहभाग स्वेच्छेने, समजून-उमजून, आणि मध्येच थांबण्याचा हक्क कायम. रेकॉर्डिंगसाठी वेगळी परवानगी घ्यावी.

नाव बदलले म्हणजे झाले, असेही नाही. गाव, तारीख, किती एकर कापूस, किती लेकरे, एवढ्यावरून तालुक्यातला माणूस घर ओळखतो. असे तपशील गाळावेत. ग्रुपवर कोणी रडून लिहिलेला मजकूर न विचारता उचलू नये. बोलताना कोणी खचले तर प्रश्न थांबवावेत. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक जवळ ठेवावा.

म्हणजे या बायांनी गप्पच बसावे का? मुळीच नाही. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे या शेतकऱ्याच्या पत्नीने केले. नवरा गमावलेली ही बाई हजारोंसमोर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या शब्दांत बोलली.

तेव्हा भगिनींनो, घरातल्या विद्यार्थ्याचा फॉर्म पाठवण्याआधी एकदा वाचून पाहा. आणि तुमच्याच फोनवर असा फॉर्म आला, तर विचारणारा कोण, कशासाठी आणि उत्तरे कोण वाचणार, हे विचारायला संकोचू नका. मन नसेल तर सरळ नाही म्हणा.