सस्पेन्स खात्यातले तारे

तारे स्थिर असतात असं ज्यांचं मत आहे, त्यांनी एकदा ताऱ्याचा पाच मिनिटांचा फोटो काढून पाहावा. मी गेली तीन वर्षं काढतो आहे. माझ्या फोटोत तारे नसत; आंबेमोहोर तांदूळ असे. निवडलेला, पाखडलेला आणि सगळा एकाच दिशेला तोंड करून पडलेला. सौ. एकदा म्हणालीही, "अहो, एवढ्यात चार माणसांचा भात होईल."

पृथ्वी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत स्वतःभोवती फिरते, त्यामुळे आकाश सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतं. दुर्बिणीखालचं माउंट तिला ताऱ्यांमागोमाग फिरवतं. पण त्यातला वर्म गिअर माणसाने केलेला. तो कधी घाईत असतो, कधी जेवणाच्या सुट्टीत. म्हणून मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर कॅमेरा लावलेली एक छोटी दुर्बीण बसवतात. ती एका ताऱ्यावर नजर ठेवते आणि तो हलला की संगणकामार्फत मोटरला सांगते, "जरा डावीकडे, थोडं मागे." स्कूटरवर मागे बसलेला मेव्हणा हेच काम करतो. याला गायडिंग म्हणतात. त्यासाठी पीएचडी नावाचा एक लोकप्रिय प्रोग्रॅम आहे. ही डॉक्टरेट नव्हे. 'पुश हिअर, डमी' याचं ते लघुरूप. म्हणजे 'मठ्ठ्या, इथे दाब!' मी आज्ञाधारकपणे दाबत होतो. तरी तांदूळच.

माझं भांडण माउंटशी नाही, सल्लागारांशी आहे. त्यांचे दोन पंथ आहेत. पहिला सेटिंगवाल्यांचा. "दुरुस्तीचा जोर सत्तरचा पन्नास कर. नाही जमलं? नव्वद कर. एक्स्पोजर अर्ध्या सेकंदाचं ठेव." मी ठेवलं. अर्ध्या सेकंदात तारा जो थरथरतो तो हवेमुळे. माझं बिचारं माउंट रात्रभर हवेच्या मागे धावत राहिलं. दुसरा पंथ उदार मनाचा, अर्थात दुसऱ्याच्या पैशाने. "हे विका हो, मोठं माउंट घ्या!" त्यांच्या नादाने मी मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडण्याचा अर्जसुद्धा भरला. आमच्याच बँकेत, स्वतःच्याच हाताने.

त्याच संध्याकाळी काउंटरवर कॅश जुळेना. ४५० रुपये जास्त. हेड कॅशिअर मान वर न करता म्हणाले, "नऊने भाग जातोय ना? मग आकडे उलटे पडलेत कुठेतरी." सापडलंच! ७२० च्या भरण्याला मी २७० मारले होते. नवा ड्रॉवर घ्या असं कोणी सुचवलं नाही, की फरक सस्पेन्स खात्यात टाका आणि घरी जा, असंही नाही. चूक आपल्या तोंडाने आपला पत्ता सांगते. फक्त आपण गप्प बसून ऐकावं लागतं.

बँकेला दुसरा-चौथा शनिवार सुट्टी. त्यातला पावसाळा वजा, चांदण्या रात्री वजा, ढग वजा, सासरची लग्नं वजा. उरलेल्या एका रात्री मी कर्जतच्या बाजूला मित्राच्या शेतावर गेलो, गायडिंग चक्क बंद केलं आणि वीस मिनिटं तारा कसा पळतो ते नुसतं बघत बसलो. पूर्व-पश्चिम दिशेत एक संथ लाट दिसली, दर आठ-दहा मिनिटांनी तीच. तो वर्म गिअर. उत्तर-दक्षिण दिशेत तारा नाकासमोर चालत निघाला होता. म्हणजे ध्रुवाशी जुळणी चुकलेली. पुराणात अढळपद मिळालेला ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून जास्त दूर असतो, आणि मी त्यालाच ध्रुव धरून बसलो होतो. ती जुळणी सुधारली. मध्येच येणारी उडी तिकाटण्याच्या नॉबला अडकणाऱ्या केबलची निघाली, केबल बांधली. डेक्लिनेशनला मराठीत 'क्रांती' म्हणतात. तिथल्या दात्यांत थोडा प्ले होता. क्रांतीतली ही ढिलाई आमच्या युनियनमध्येही असल्यामुळे तिचं नवल वाटलं नाही.

गायडिंग चालू केलं. आलेख शांत झाला, एखाद्या निवृत्त माणसासारखा. फोटो काढला. तांदूळ!

आता सांगा सेटिंगवाल्यांनो, काय बदलू? गायडिंगच्या मते चूक शून्य आहे. वही जुळते आहे आणि तिजोरीत पैसे नाहीत! अशा वेळी संशय हिशेबनिसावर घ्यायचा असतो. छोट्या दुर्बिणीला बोट लावलं तर ती डुलली. तिच्या कड्याचा स्क्रू ढिला होता. आकाश वळेल तशी ती मोठ्या दुर्बिणीपासून केसभर कलत होती आणि तोल सावरून "सगळं ठीक" असा शेरा मारत होती. एलन की घेतली, दोन पीळ दिले. खर्च शून्य रुपये.

सेटिंगला माझा विरोध नाही, आणि माउंट कधी खरोखर निकामी असतंही. पण तो निकाल शेवटचा, पहिला नव्हे. कारण न शोधता फिरवलेलं सेटिंग म्हणजे सस्पेन्स खातं. त्यात टाकलेली चूक मिटत नाही, व्याजासकट परत येते. एका वेळी एकच गोष्ट बदला, काय झालं ते वहीत लिहा, मग दुसरीला हात लावा. चारही गोष्टी एकदम बदलून फोटो सुधारला, तर उपकार कोणाचे मानणार?

सोमवारी मुदत ठेवीचा अर्ज फाडला. फोटो सौ.ला दाखवला. तिने चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाली, "हं, आता मोहरी झाली."

तीन वर्षांतली ही माझी पहिली फोडणी.